एकाच वाटीतला कांद्याचा रस

पत्र असं आहे, थोडं आटपून देते, नाव-गाव मुद्दाम काढलंय:

"ताई, नमस्कार. मी तासगाव तालुक्यातली, वय २४. घरची दोन एकर द्राक्षबाग आहे, बी.कॉम. झाल्यापासून बागेतच असते, विरळणीपासून बेदाण्याच्या रॅकपर्यंत सगळं बघते. दोन वर्षं झाली दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग उठलाय. मावशीनं मेडिकलमधली एक ट्यूब दिली, ती लावली की पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, बंद केली की आग होते, लाल होतो आणि डाग पहिल्यापेक्षा गडद दिसतात. आता स्थळं बघायला चालू आहेत म्हणून घरात रोज काहीतरी नवीन. मोबाइलवर एकजण सांगतो की कांद्यात आणि द्राक्षाच्या सालीत क्वेरसेटिन नावाचं फ्लेवोनॉइड असतं, त्यानं मेलॅनिन, म्हणजे कातडीचा काळा रंग, कमी होतं. दुसरा म्हणतो त्याच क्वेरसेटिननं मेलॅनिन वाढतं, कोडावर लावा. माझा धाकटा भाऊ नववीत आहे, त्याला गुडघ्यावर आणि ओठाच्या कडेला कोडाचे डाग आहेत. तर आता आई रोज रात्री कांदा किसते आणि एकाच वाटीतला रस माझ्या गालाला काळं जावं म्हणून लावते आणि भावाला काळं यावं म्हणून लावते. मी अकराशे रुपयांचं द्राक्षबियांचं सीरम मागवायच्या विचारात आहे. ताई, त्या दोघांतलं खरं कोण बोलतंय?"

अगं बाळ, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पंचवीस वर्षं सांगलीत कॉलेजला बायोकेमिस्ट्री शिकवली मी, पण तुझ्या आईच्या त्या वाटीत जो प्रश्न आहे तो इतका नेमका मला वर्गात कुणी विचारला नव्हता. उत्तर मोठं आहे, सगळं सांगते, पण आधी आज रात्रीचं बघ.

आज रात्री कांदा नको. तुलाही नको आणि भावाला तर अजिबात नको. कांद्याच्या रसात क्वेरसेटिन असेल नसेल, गंधकाचे झोंबणारे पदार्थ मात्र नक्की असतात, ज्यानं डोळ्यांतून पाणी येतं तेच. ते कातडीला झोंबतात, कातडी चिडते, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीचा स्वभावच असा आहे की चिडली, भाजली, खरचटली की बरी होताना तिथं काळा डाग सोडते. पिंपल फोडल्यावर महिनोन् महिने राहणारा डाग बघितलायस ना, तेच. म्हणजे तुझ्या गालावर कांदा वांग वाढवू शकतो. आणि भावाचं अगदी उलटं. कोड असणाऱ्या माणसाच्या कातडीला जिथं इजा होईल, घासलं जाईल, भाजेल, तिथं नवीन पांढरा डाग उठू शकतो, डॉक्टर त्याला कोबनर फिनॉमेनन म्हणतात, गुडघा-कोपर-कमरपट्टा इथं कोड जास्त दिसायचं एक कारण हेच घासणं आहे. आई ज्यासाठी लावतेय त्याच्या बरोबर उलटं दोन्हीकडं होऊ शकतं. आईला रागावू नकोस बरं का, ती बिचारी दोन्ही लेकरांसाठी रात्री डोळ्यांतून पाणी काढत कांदा किसतेय. तिला एवढंच सांग की ताईंनी कांदा पोटात घालायला सांगितलाय, गालाला नाही.

आता मूळ प्रश्न. खरं कोण बोलतंय? दोघंही, अर्धं-अर्धं. हे कसं ते तुला तुझ्याच शेडमधनं समजावते.

बेदाणा करताना काय करता तुम्ही? द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून रॅकवर टाकता, सालीवरचं मेण निघतं आणि पाणी लवकर उडतं, पंधरा-वीस दिवसांत माल तयार. मग गंधकाची धुरी देता कारण नाहीतर माल लालसर-काळा पडतो आणि मार्केटला भाव पडतो. वातावरण ढगाळ झालं, वाळायला वेळ लागला की काळेपणा वाढतो हे तुझ्या वडलांना विचार, ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. हा काळेपणा कशानं येतो, तर मण्यातल्या एका एन्झाइमनं (रासायनिक काम उरकणारं प्रोटीन म्हण), पॉलिफिनॉल ऑक्सिडेज. त्याच्या पोटात तांब्याचे दोन अणू असतात आणि हवेतला ऑक्सिजन घेऊन ते फिनॉल जातीच्या पदार्थांना तपकिरी रंगात बदलत सुटतं. वांगं चिरून पाण्यात टाकता, बटाटा चिरून तसाच ठेवला की काळा पडतो, सगळं त्याच कुळातलं. आणि आपल्या कातडीत मेलॅनिन करणारं जे एन्झाइम आहे, टायरोसिनेज, ते याच कुळातलं! त्याच्याही पोटात तांब्याचे दोन अणू, तेही टायरोसिन नावाच्या साध्या अमिनो आम्लापासून सुरुवात करतं, त्याचं डोपा, डोपाचं डोपाक्विनोन आणि पुढं होत होत मेलॅनिन. मी वर्गात बटाट्याची फोड टेबलावर ठेवून तास सुरू करायची, तास संपेपर्यंत फोड काळपट झालेली असायची आणि पोरं गप्प होऊन तिच्याकडं बघत बसायची.

हे काम चालतं मेलॅनोसाइट नावाच्या पेशीत. कातडीच्या वरच्या थराच्या अगदी तळाशी त्या बसलेल्या असतात, ऑक्टोपससारखे लांब हात पसरून, आणि एकेक मेलॅनोसाइट आजूबाजूच्या साधारण ३६ पेशींना रंगाच्या पुड्या वाटत असते. त्या पुड्या पोचल्यावर काय होतं माहीत आहे का, पेशी त्या पुड्या आपल्या केंद्रकाच्या वर, उन्हाच्या बाजूला, टोपीसारख्या रचते. म्हणजे आतला डीएनए उन्हापासून झाकायला पेशी डोक्यावर घमेलं धरते म्हण. मला हे चित्र पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली दिसलं तेव्हा मी कितीतरी वेळ डोळा काढला नव्हता. गोऱ्या माणसात आणि सावळ्या माणसात मेलॅनोसाइटची संख्या जवळपास सारखीच असते गं, फरक असतो तो पुड्या किती, केवढ्या आणि किती टिकतात याचा. तुझ्या पेशी जास्त चांगलं झाकतात एवढाच त्याचा अर्थ.

आता फ्लेवोनॉइड. हे नाव लॅटिनमधल्या पिवळ्या रंगावरून आलंय, फ्लेवस म्हणजे पिवळा. (आपली सांगलीची हळद पिवळी असली तरी तिचा रंग कर्क्युमिनचा, ते फ्लेवोनॉइड नाही, दोन्ही पॉलिफिनॉल पण घर वेगळं. हे सांगते कारण अर्ध्या व्हिडिओत हळदीला फ्लेवोनॉइड करून टाकलेलं असतं.) ज्यांनी व्हिटॅमिन सी शोधलं त्या सेंट-ग्यॉर्गी यांना १९३६ मध्ये वाटलं होतं की ही नवीन व्हिटॅमिनंच आहेत, व्हिटॅमिन पी असं नावही दिलं होतं, पुढं ते टिकलं नाही कारण यांच्यावाचून माणूस आजारी पडतो असं काही दिसलं नाही. पण झाडाला ती लागतात. आणि कशाला लागतात ते तुला बागेतच दिसेल. घडाचे जे मणी पानाआड असतात त्यांच्यापेक्षा जे उन्हात उघडे पडतात त्यांच्या सालीत क्वेरसेटिन जास्त तयार होतं, कारण ते अल्ट्राव्हायोलेट किरणं शोषून घेतं. म्हणजे द्राक्षाची वेलसुद्धा ऊन लागलं की स्वतःचं सनस्क्रीन करते, आणि तुझा गाल ऊन लागलं की मेलॅनिन करतो. दोघांचं दुखणं एक आणि औषधही एकाच तऱ्हेचं.

मग वेलीचं सनस्क्रीन आपल्या मेलॅनोसाइटवर टाकलं तर काय होतं? इथंच गंमत सुरू होते आणि इथंच ते दोन व्हिडिओवाले वेगळ्या वाटांनी जातात.

पहिला बोलतोय ती बहुतेक परीक्षानळीतली गोष्ट. क्वेरसेटिन, केम्फेरॉल असल्या काही फ्लेवोनॉइडची रचनाच अशी असते की हायड्रॉक्सिल आणि त्याच्या शेजारचा कीटो, असे अणूंचे दोन छोटे गट मिळून चिमट्यासारखे तांबं धरतात. टायरोसिनेजचं तांबं चिमट्यात अडकलं की एन्झाइम थंड. पण ह्या चाचण्या बऱ्याच वेळा कुठल्या टायरोसिनेजवर करतात? बटण मशरूमच्या! कारण ते स्वस्त मिळतं, बाटलीत विकत मिळतं. मशरूमचं टायरोसिनेज आणि माणसाचं टायरोसिनेज एका कुळातले असले तरी सख्खे नाहीत, कोजिक ॲसिड हा क्रीममध्ये नेहमी असणारा पदार्थ मशरूमवर जोरात चालतो आणि माणसाच्या एन्झाइमवर बराच मिळमिळीत निघतो. म्हणून "टायरोसिनेज रोखतं" असं कुठं वाचलंस की पहिला प्रश्न विचारायचा, कुणाचं टायरोसिनेज?

दुसरा बोलतोय ती जिवंत पेशींची गोष्ट. पेशीत नुसतं एन्झाइम नसतं गं, ते एन्झाइम किती बनवायचं हे ठरवणारी अख्खी यंत्रणा असते. ऊन लागलं की शेजारच्या पेशी अल्फा-एमएसएच नावाचा निरोप पाठवतात, तो मेलॅनोसाइटच्या दारावर, एमसी१आर नावाच्या जागी पोचतो, आत सायक्लिक एएमपी नावाचा पेशीतला निरोप्या वाढतो, त्यानं एमआयटीएफ नावाचं प्रोटीन जागं होतं, आणि हे एमआयटीएफ म्हणजे मुकादम, ते डीएनएवर जाऊन हुकूम सोडतं की टायरोसिनेज करा, त्याच्या जोडीची टीआरपी-१, टीआरपी-२ ही एन्झाइमं करा. आता फ्लेवोनॉइड पेशीत शिरलं की ते फक्त तांबं धरून बसत नाही, या निरोपांच्या साखळीतही हात घालतं, कुठं निरोप अडवतं, कुठं मोठा करतं. त्यामुळं माणसाच्या मेलॅनोसाइटवर क्वेरसेटिन टाकल्यावर टायरोसिनेज वाढून मेलॅनिन वाढल्याचंही प्रयोगात दिसलंय, आणि दुसऱ्या पेशींवर, दुसऱ्या डोसला कमी झाल्याचंही दिसलंय. मोसंबी-पपनसाच्या घराण्यातलं नारिंजेनिन उंदराच्या पेशींत रंग वाढवतं. ज्येष्ठमधातलं ग्लॅब्रिडिन त्याच तऱ्हेच्या पेशींत टायरोसिनेज दाबतं. सगळी फ्लेवोनॉइडं एकाच सांगाड्याची, पंधरा कार्बनचा, तीन कड्यांचा, पण कुठल्या कड्यावर किती हायड्रॉक्सिल लटकलेत आणि साखर चिकटलीय का नाही, यावर एक रंग घालवतं आणि एक आणतं.

आणि अजून एक सांगायचं राहिलं, ह्या प्रयोगांतल्या बऱ्याच पेशी म्हणजे बी१६, काळ्या उंदराच्या मेलॅनोमाच्या, म्हणजे कॅन्सरच्या पेशी. त्या मजेत वाढतात म्हणून वापरतात. संशोधक हे लपवत नाहीत, पेपरात पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं, ते व्हिडिओत येईपर्यंत गळून जातं आणि तुझ्या आईपर्यंत पोचतं ते फक्त "कांद्यानं होतं".

ह्या पेशी प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवतात, आता त्या बशीतनं गालावर येऊ. बशीत पेशी उघड्या असतात, वर औषध ओतलं की लगेच भिजल्या. गालावर मात्र मेलॅनोसाइट तळाशी आणि वर मेलेल्या पेशींचा, तेलानं लिंपलेला पक्का थर. साधारण नियम असा की ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप) जड रेणू त्यातनं सहसा जात नाही. क्वेरसेटिन ३०२ चं आहे, म्हणजे वजनानं बसतं, पण ते पाण्यात नीट विरघळत नाही, उजेड-हवेत खराब होतं, आणि झाडात ते बहुतेक साखर चिकटलेल्या रूपात असतं, तसलं रुटिन ६१० चं, ते दारातच अडकलं. द्राक्षबियांत जी प्रोअँथोसायनिडिन असतात ती तर फ्लेवोनॉइडच्या माळा, त्यातल्या लांब माळा याहून कितीतरी जड. तू जे अकराशेचं सीरम म्हणतीस त्यात नेमकं काय, किती आणि कुठल्या रूपात आहे हे बाटलीवर लिहिलेलं असेल असं मला वाटत नाही, बघ एकदा फोटो झूम करून.

खाऊन काय? कांदा, द्राक्षं, सफरचंद खाल्लं की क्वेरसेटिन पोटात जातं, पण आतडी आणि लिव्हर त्याला लगेच दुसरे रेणू चिकटवून बाहेर काढायच्या मार्गाला लावतात, रक्तात जे उरतं ते बशीतल्या डोसच्या मानानं अगदी थोडं. द्राक्षबियांचा अर्क गोळीतनं देऊन वांगावर एक छोटा प्रयोग जपानात झालाय, डझनभर बायकांवर, थोडा फरक पडला असं लिहिलंय, पण तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि वांग ऋतूप्रमाणं आपला आपणही फिका-गडद होतो, त्यामुळं मी त्यावर अकराशे रुपये लावायला सांगणार नाही. द्राक्षं मात्र भरपूर खा, घरची आहेत, त्यानं वांग वाढत नाही की भावाचं कोड जात नाही, चांगलं फळ आहे म्हणून खा.

आणि कुणी म्हणेल झाडाचं आहे, नैसर्गिक आहे, लावून बघायला काय जातंय. जातं गं. जपानात २०१३ साली काय झालं सांगते. रोडोडेन्ड्रॉल नावाचा एक पदार्थ, मॅपलच्या एका जातीत सापडणारा, फ्लेवोनॉइड नाही पण झाडातलाच फिनॉल, टायरोसिनेज रोखतो म्हणून गोरं करायच्या क्रीममध्ये घातला होता, रीतसर परवानगी घेऊन. हजारो बायकांच्या चेहऱ्यावर, हातावर पांढरे डाग उठले, कोडासारखे. कारण नंतर कळलं ते असं की टायरोसिनेज त्या पदार्थालाच आपलं खाद्य समजून त्याचं विषारी रूप करत होतं आणि मेलॅनोसाइट त्यात मरत होत्या. सगळा माल बाजारातनं परत घेतला गेला, काहींचे डाग भरून आले, काहींचे नाही. एन्झाइमला फसवणारा रेणू म्हणजे काय ताकदीची गोष्ट असते हे त्यावरनं समजून घे. आपल्याकडं टिकलीच्या डिंकातल्या एका फिनॉलनं कपाळावर पांढरा ठिपका उठतो तेही ह्याच जातीचं, तुझ्या ओळखीत एखादी तरी बाई असेल तशी.

आता त्या ट्यूबचं. खरं सांगते, तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच. पंधरा दिवसांत उजळतं, बंद केलं की आग आणि लाली, ही खूण स्टेरॉइडची. ट्यूबच्या मागं बारीक अक्षरात मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यातलं काही आहे का बघ, जोडीला हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असेल. हे तीन एकत्र हे खरं औषध आहे, खोटं नाही, वांगावरच वापरतात, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि थोडे आठवडे. वर्षानुवर्षं फेअरनेस क्रीमसारखं चोपडायला नाही. स्टेरॉइडनं कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, पुरळ येतं, ओठावर लव वाढते. हायड्रोक्विनोन फार दिवस लावलं तर निळसर-काळी झाक बसते ती निघायला फार अवघड. सरकारनं २०१८ ला स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला, तरी गावोगाव मिळतात.

माझ्या सख्ख्या बहिणीनं असली ट्यूब सहा वर्षं लावली. तिलाही ती अशीच काउंटरवरनं कुणीतरी दिलेली. एका लग्नात मी तिला उजेडात जवळनं बघितलं तर गालाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती, आतल्या शिरा मोजता येत होत्या, आणि ती म्हणाली ऊन लागलं की मिरची चोळल्यासारखं होतं. मी केमिस्ट्री शिकवत होते आणि माझ्या घरात हे चाललेलं मला माहीत नव्हतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून तुला हात जोडून सांगते, ही ट्यूब एकदम टाकून देऊ नकोस कारण एकदम बंद केलं की जो भडका उडतो त्यानं घाबरून बायका परत तीच लावतात, ट्यूब पिशवीत घाल आणि स्किनच्या डॉक्टरला दाखव, ते पायरीपायरीनं कमी कसं करायचं सांगतील. सांगली-मिरजेला सिव्हिलमध्ये स्किनची ओपीडी असते, खाजगीची फी परवडत नसेल तर तिथं जा, सकाळी लवकर. आणि नाव-गाव नसलेल्या, लेबल नसलेल्या डबीतल्या क्रीमला तर हातच लावू नकोस, त्यात पारा असतो कधीकधी, पाराही मेलॅनिन रोखतो, पण किडनीला धरतो, केरळात गोरं व्हायची क्रीमं लावणाऱ्यांत किडनीचे पेशंट सापडले होते.

वांग कशानं आला असेल? तीन गोष्टी असतात बहुतेक: घराण्याचा कल, हार्मोन आणि उजेड. हार्मोनमधे गरोदरपण, पाळीच्या नाहीतर गर्भनिरोधक गोळ्या येतात, तू तसल्या काही गोळ्या घेत असशील तर डॉक्टरला न लाजता सांग. पण तुझ्या बाबतीत मला उजेड मोठा वाटतो. मांडवाखाली सावली असते खरी, पण एप्रिलची खरड छाटणी झाली की मांडव बोडका होतो आणि खाली उभं राहणारी बाई भर उन्हात असते, आणि तेव्हाच नेमकं ऊन सगळ्यात कडक. तू मनात आठवून बघ, डाग मे-जूनला गडद आणि थंडीत फिके होतात का? होत असतील तर तुझं उत्तर तिथंच आहे.

आणि यात एक गोष्ट फार कमी बायकांना माहीत असते. वांग नुसत्या अल्ट्राव्हायोलेटनं वाढत नाही, साध्या दिसणाऱ्या उजेडानंही वाढतो, त्यातल्या निळ्या भागानं, आणि सावळ्या कातडीत तो परिणाम जास्त. नेहमीचं पांढरं सनस्क्रीन एसपीएफ ५० असलं तरी हा उजेड अडवत नाही. तो अडवायला लागतं आयर्न ऑक्साइड, म्हणजे रंगाचं, टिंटेड सनस्क्रीन, गेरूसारख्या मातीला जो तांबूस रंग असतो तोच लोखंडाचा ऑक्साइड. तुझे अकराशे रुपये खर्चायचेच असतील तर त्यावर खर्च. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही बोटांवर टोकापासून मुळापर्यंत रेघ ओढ, तेवढं चेहरा-मानेला लागतं, त्याच्या निम्मं लावलं तर निम्मंही काम होत नाही. बागेत जाताना लावायचं आणि घामानं जातं म्हणून दोन-तीन तासांनी परत. त्याच्यावरनं स्कार्फ, पण झिरझिरीत ओढणी नको, उजेडाकडं धरून बघ, पलीकडचं दिसत असेल तर ती उपयोगाची नाही, घट्ट विणीचं गडद सुती कापड घे, वर रुंद काठाची टोपी. आणि दिवसाचं काम सकाळी लवकर काढता आलं तर काढा, तुझ्याबरोबर येणाऱ्या बायकांनापण सांग, त्यांच्या गालाचं कोण विचारतंय.

लिंबू लावून उन्हात जाऊ नकोस एवढं मात्र लक्षात ठेव, लिंबाच्या सालीत फ्युरोकुमारिन असतात, ती ऊन लागल्यावर कातडी भाजतात आणि काळे पट्टे उठतात. डाळीच्या पिठाचं उटणं लाव हवं तर, घासू नकोस.

डॉक्टर काय देतील ते त्यांच्यावर सोड, अझेलेइक ॲसिड असतं, ट्रानेक्सॅमिक ॲसिड असतं, गोळीतली ट्रानेक्सॅमिक रक्ताच्या गुठळीचा धोका बघून देतात म्हणून मैत्रिणीची गोळी खायची नाही. लग्न ठरलं आणि पुढं दिवस राहिले तर ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन बंद करावी लागतात हेही आधीच विचारून ठेव. फरक दिसायला तीन-चार महिने धर. रंगाची पुडी वरच्या पेशीत एकदा पोचली की ती पेशी झडून जाईपर्यंत थांबावंच लागतं, आणि ज्यांचा रंग खालच्या थरात उतरलाय त्यांना त्याहून जास्त.

आता भाऊ. त्याचं कांद्यानं का होणार नाही बघ. तुझ्या गालात मेलॅनोसाइट आहेत आणि जास्त काम करतायत. त्याच्या डागात मेलॅनोसाइट शिल्लकच नाहीत, शरीराच्या स्वतःच्या संरक्षक पेशींनी त्यांना परकं समजून मारलंय. मजूरच नसतील तर मुकादमाला कितीही निरोप पाठवा. नवीन मेलॅनोसाइट येतात त्या केसांच्या मुळातनं, तिथं साठा शिल्लक असतो, म्हणून बरं होताना डागात केसाभोवती तपकिरी ठिपके ठिपके दिसतात. त्यासाठी आधी ती मारामारी थांबवायला लागते, टॅक्रोलिमससारखी मलमं, नॅरोबँड यूव्हीबीचा, म्हणजे ठराविक अल्ट्राव्हायोलेट किरणांचा, उजेड, आणि अमेरिकेत २०२२ ला रुक्सोलिटिनिबचं क्रीम यासाठी मान्य झालं. पोराच्या वयात आणि डाग नवे असताना गेलं तर गुण यायची शक्यता जास्त, म्हणून वर्ष घालवू नका. केस नसलेल्या जागा, ओठाची कडा वगैरे, हळू येतात, तेवढा धीर धरायला लागतो.

बावची लावायला कुणी सांगेल, सांगतीलच. बावचीत खरंच ताकद आहे, तिच्यातलं सोरालेन ऊन लागल्यावर रंग आणतं, इजिप्तमध्ये १९४० च्या दशकात दुसऱ्या एका झाडातनं काढलेलं तसलंच औषध एल मोफ्ती नावाच्या डॉक्टरांनी कोडावर वापरलं आणि त्यातनं पुढं उजेडाचे उपचार उभे राहिले. पण मोजून, डॉक्टरच्या मशीनखाली. घरी बावचीचं तेल लावून पोराला उन्हात बसवलं तर टरारून फोड येतात, आणि फोड म्हणजे इजा, इजा म्हणजे परत नवीन डाग.

आणि त्याला शाळेत कुणी वेगळं बसवत असेल, डबा खात नसतील बरोबर, तर तू स्वतः जाऊन सरांना भेट. कोड शिवून लागत नाही, मासे आणि दूध एकत्र खाल्ल्यानं होत नाही, ते पांढरे डाग आतनं दुखत नाहीत, दुखतं ते बाकीचं.

स्थळाचं एवढंच बोलते. बघायला येतील तेव्हा चेहरा झाकायला त्या ट्यूबचा आधार घेऊ नकोस, आठ दिवसांच्या उजेडासाठी पुढची आठ वर्षं जातील. टिंटेड सनस्क्रीन लावलंस की डाग तसाही थोडा झाकतो, ते लावून बस की. कुणी विचारलंच तर सांग, बागेत उभी असते, घरची दोन एकर मी बघते.

डॉक्टरकडं दोघंजण एकाच दिवशी जा, आईला बरोबर ने. येताना ट्यूबचं मागचं लेबल आणि डॉक्टरनं काय लिहून दिलं ते मला कळव, मी वाट बघते.